रेकोहूचे मोरिओरी

रेकोहू बेटावरच्या मोरिओरी लोकांच्या या होडीत पाणी शिरतं, आणि ते शिरावं म्हणूनच ती अशी बांधली आहे. फ्लॅक्स नावाच्या झुडपाचे वाळलेले दांडे एकमेकांना आवळून बांधलेत, ती तरंगती राहावी म्हणून समुद्री शेवाळाचे हवा भरलेले फुगे लावलेत. लाट येते ती रोवळीतून पाणी जावं तशी आरपार निघून जाते. होडी उलटत नाही. वल्हवणाऱ्याचे पाय मात्र सगळा प्रवास बर्फगार पाण्यात.

ज्यांच्या पूर्वजांनी भल्यामोठ्या जोडहोड्यांतून अर्धा पॅसिफिक पालथा घातला, हवाईपासून रापा नुईपर्यंत (म्हणजे ईस्टर बेटापर्यंत) गावं वसवली, त्यांचेच हे वंशज. मग अशी होडी का? कारण इथे मोठी सरळसोट झाडंच नाहीत.

नकाशा जरा खाली सरकवूया. न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटं: दोन वस्तीची बेटं आणि बाकी खडक. थोरल्या बेटाचं नाव रेकोहू. साधारण १५००च्या सुमारास इथे न्यूझीलंडकडून माणसं आली, आणि पुढची तीनेकशे वर्षं बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध राहिला नाही. पॉलिनेशियन लोकांनी वसवलेल्या अगदी शेवटच्या बेटांपैकी हे एक. रताळ्याची शेती या थंडीत होईना. मग सील, मासे, पक्षी, नेच्याची मुळं आणि कोपीच्या झाडाची फळं यांवर गुजराण. त्याच कोपीच्या सालीवर त्यांनी माणसांच्या आकृती कोरल्या. त्यातल्या काही अजून दिसतात.

आणि एक नियम केला. नुनुकू-व्हेनुआ नावाच्या पूर्वजाने तो घालून दिला, असं मोरिओरी सांगतात. भांडायला हरकत नाही, पण अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीनं. रक्ताचा पहिला थेंब दिसला की भांडण संपलं. माणूस मारायचा नाही. ही भोळ्या माणसांची कल्पना नव्हती. दोन हजारांच्या आसपास माणसं आणि चहूकडे समुद्र, अशा ठिकाणी सूडाचं चक्र एकदा फिरू लागलं तर कुणीच उरलं नसतं. यात मला भाबडेपणापेक्षा हिशेब जास्त दिसतो.

२९ नोव्हेंबर १७९१. वादळात भरकटलेलं ‘चॅटम’ हे ब्रिटिश जहाज किनाऱ्याला लागलं. कप्तान ब्रॉटन यांनी झेंडा रोवला, बेट राजाच्या नावे केलं, आणि पाहुणचार संपायच्या आत झटापट होऊन तामाकारोरो नावाचा माणूस गोळीनं मेला. त्यानंतर बैठक बसली. चूक आपल्याच माणसांची होती, असं मोरिओरींनी ठरवलं. पुढच्या जहाजाचं स्वागत शांततेनं करायचं, हेही ठरलं.

पुढची जहाजं सीलच्या कातड्यासाठी आली. काही दशकांत सील संपले. खलाशांबरोबर रोगही उतरले.

मग १८३५. न्यूझीलंडमध्ये तेव्हा युरोपीय बंदुकांनी माओरी टोळ्यांमधल्या लढाया भीषण केल्या होत्या. न्यूझीलंडमधल्या तारानाकी भागातून हुसकल्या गेलेल्या न्गाती मुतुंगा आणि न्गाती तामा या दोन माओरी टोळ्या जागा शोधत होत्या. त्यांनी ‘लॉर्ड रॉडनी’ या जहाजाच्या कप्तानाला धाक दाखवला आणि दोन फेऱ्यांत सुमारे ९०० माणसं रेकोहूवर उतरली. प्रवासानं आजारी पडलेल्यांची शुश्रूषा मोरिओरींनीच केली. पाहुणे बरे झाले, आणि बेटावर फिरून जमीन आपली म्हणू लागले.

‘ते आवापातिकी’ नावाच्या ठिकाणी मोरिओरींची सभा भरली. तरुण म्हणाले, नुनुकूचा नियम आपल्याआपल्यात होता, परक्यांना तो कशाला लावायचा? तापाता आणि तोरेआ या वडीलधाऱ्यांनी ठाम नकार दिला. शांततेचा आणि वाटून खाण्याचा प्रस्ताव द्यायचं ठरलं. तो पोहोचायच्या आत कत्तल सुरू झाली. सुमारे ३०० माणसं मारली गेली, उरलेली गुलाम झाली. लग्नाला बंदी, स्वतःच्या भाषेलाही बंदी.

यात युरोपचा हात कुठे, असं कुणी विचारील. बंदुका तिकडच्या, जहाज तिकडचं. आणि १८४२ मध्ये ब्रिटिशांनी ही बेटं न्यूझीलंडला जोडली, तेव्हा त्यांच्या साम्राज्यात गुलामगिरी कायद्यानं बंद होऊन आठ वर्षं झाली होती. रेकोहूवर ती आणखी वीसेक वर्षं चालू राहिली.

१८६२ मध्ये मोरिओरी वडीलधाऱ्यांनी गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांना अर्ज पाठवला. लिहून घेणारा हिरावानू तापू. १८३५ साली हयात असलेल्या सुमारे १६०० जणांची नावं त्यांनी आठवून आठवून नोंदवली, मारले गेले त्यांच्यावर खूण केली. तोवर उरले होते १०१. पुढच्या वर्षी सुटका झाली.

जमीन मात्र गेली. १८७० मध्ये न्यायालयानं ९७ टक्क्यांहून अधिक जमीन न्गाती मुतुंगाला दिली. आधार काय, तर १८४०च्या आधी जिंकलेली जमीन जिंकणाऱ्याची. म्हणजे हात न उचलणं हाच मोरिओरींच्या दाव्यातला दोष ठरला. आणि ज्यांना जमीन मिळाली त्यांच्यापैकी बहुतेक तोवर तारानाकीला परतले होते.

विसाव्या शतकात शाळेच्या पुस्तकांनी वेगळीच गोष्ट शिकवली. मोरिओरी हे न्यूझीलंडचे मूळ, हलक्या वंशाचे रहिवासी, माओरींनी त्यांना हाकललं आणि ते नष्ट झाले, अशी. गोऱ्या वसाहतवाल्यांना ती सोयीची होती: माओरींनीही दुसऱ्याची जमीन घेतलीच ना? १९३३ मध्ये टॉमी सॉलोमन वारले तेव्हा शेवटचा मोरिओरी गेला म्हणून बातम्या आल्या. मागे त्यांची पाच मुलं होती.

२००५ मध्ये बेटावर कोपिंगा मराए हे सभागृह उभं राहिलं. त्याच्या मधल्या खांबावर १८६२च्या यादीतली नावं कोरली आहेत. २०२० मध्ये तिथेच सरकारशी तडजोडीचा करार झाला, २०२१ मध्ये त्याचा कायदा झाला. १ कोटी ८० लाख न्यूझीलंड डॉलर, काही जमिनी, आणि एक कबुली: मोरिओरी हलक्या वंशाचे आणि नामशेष, हा कलंक लागण्यात सरकारचाही हात होता. २०२२ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने १११ मोरिओरींचे अवशेष परत केले.

अलीकडच्या जनगणनांत स्वतःला मोरिओरी म्हणवणारे हजाराच्या आसपास आहेत. त्यांतले बहुतेक न्यूझीलंडच्या मुख्य बेटांवर राहतात. रेकोहूवर जे आहेत त्यांच्या शेजारी न्गाती मुतुंगाची घरं आहेत, आणि कित्येकांचे पूर्वज दोन्हीकडचे आहेत.