परिक्रमेला निघालेल्या माणसाला काय द्यावं?

मंडळी, नर्मदे हर!

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरातलं कुणीतरी यंदा कार्तिकी एकादशीनंतर नर्मदेची पायी परिक्रमा उचलणार, म्हणजे नदी न ओलांडता दोन्ही काठांनी तिला प्रदक्षिणा घालायला निघणार आहे. कुणाची आई, कुणाचा निवृत्त झालेला काका, कुणाची नोकरीतून रजा घेतलेली मुलगी. त्यांना निघताना काहीतरी द्यावं, असं तुम्हाला मनापासून वाटतंय. आज मी तेवढ्याबद्दलच बोलणार आहे.

नर्मदा अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहते. दोन्ही काठ धरले तर २,६०० च्या वर, आणि वाट काही सगळीकडे नदीला चिकटून जात नाही, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्तच. किलोमीटरला साधारण १,४०० पावलं धरा, ३५ लाखांहून जास्त पावलं होतात. तुम्ही दिलेली वस्तू तेवढी पावलं त्या माणसाच्या पाठीवर असणार आहे. त्यातही सरदार सरोवराच्या पाण्याखाली शूलपाणीच्या झाडीतली, म्हणजे काठावरच्या डोंगराळ जंगलातली, काठाकाठाची जुनी वाट गेली. आता तिथे डोंगर चढून-उतरून जावं लागतं, आणि सॅकमधला प्रत्येक नग तिथे जाणवतो. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: सॅकमध्ये भर टाकणारी भेट देऊ नका. जे ते नेणारच आहेत, त्यातलं एखादं जड काढून त्या जागी हलकं द्या. आणि थोडं वाटेसाठी राखून ठेवा, त्याबद्दल शेवटी बोलतो.

खरेदीला जाण्याआधी एक प्रश्न विचारा: परिक्रमा कुठून उचलणार? ओंकारेश्वरहून निघालेला माणूस साधारणपणे दक्षिण काठाने पश्चिमेला जातो, नदी समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरहून नावेने समोरच्या काठावर मिठी तलाईला उतरतो आणि उत्तर काठाने परत पूर्वेकडे वळतो. तो अमरकंटकला पोचेपर्यंत थंडी ओसरायला लागलेली असते, आणि शेवटचा टप्पा भर उन्हात होतो. तेच कुणी अमरकंटकहून कार्तिकातच उचलली, तर पहिल्याच आठवड्यांत त्याला मैकल डोंगरातली कडाक्याची थंडी लागते. तिथे डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं. दोघांची परिक्रमा एकच, पण अंथरूण-पांघरूण एक नाही.

अंथरुणावर मी जरा थांबणार आहे, कारण भेट देणारे बहुतेक जण पांघरुणाचाच विचार करतात. परिक्रमावासी रात्री कुठे झोपतो? आश्रमाच्या ओसरीत, देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात. ‘कितनी मूर्ति?’ (परिक्रमावासीला तिथे मूर्ती म्हणतात) असं विचारून जागा दाखवतात, तिथे आसन लावायचं. खाली फरशी किंवा सिमेंटचा कोबा. थंडी येते ती खालून, आणि वर दोन घोंगड्या घेतल्या तरी पाठ गारच राहते. म्हणून द्यायचीच असेल तर आधी चांगली कॅरीमॅट द्या, बंद फोमची, गुंडाळून सॅकला बाहेरून बांधता येईल अशी. हवा भरायच्या मॅट दुकानात फार सुबक दिसतात, छोट्या होतात, मऊही असतात. पण नर्मदाकाठ बाभळीचा आणि बोरीचा आहे. एक काटा लागला की रात्री दोन वाजता माणूस फरशीवर. फोमच्या मॅटला काटा लागला तर लागला. तिचा एक तुकडा कापून दुपारी झाडाखाली बसायलाही घेता येतो.

स्लीपिंग बॅग घेताना पिशवीवरची दोन तापमानं वाचा. एक ‘कम्फर्ट’ आणि एक ‘लिमिट’. दुकानदार बऱ्याचदा लिमिटचा आकडा सांगतो, पण त्या तापमानाला माणूस अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढतो, नीट झोपत नाही. कम्फर्टचा आकडा बघूनच घ्या, आणि बायकांना व साठीच्या पुढच्यांना थोडी जास्त उबदार. पिसांची बॅग हलकी असते, पण ओली झाली की ऊब देत नाही, आणि नदीकाठी पहाटे दव एवढं पडतं की बाहेरचं सगळं ओलं होतं. मला विचाराल तर सिंथेटिक बॅग आणि आत सुती किंवा रेशमी लायनर, म्हणजे पातळ कापडाची आतली पिशवी. लायनर धुता येतो, आणि फाल्गुन-चैत्रात बॅग घरी पाठवून दिली की नुसत्या लायनरमध्ये झोपता येतं. घरची सोलापुरी चादर प्रेमाने देतात, पण ती जड, आणि ओली झाली की दिवसभर वाळत नाही.

आता दोन वस्तू ज्या न विचारता आणून देऊच नयेत: बूट आणि सॅक. रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालताना पाय सुजतात, त्यामुळे नेहमीच्या मापापेक्षा अर्धा-एक नंबर मोठा बूट लागतो, आणि तो निघण्याआधी महिनाभर घालून मुरलेला हवा. सॅक लिटरवर घेतात, पण खरं माप पाठीचं. मान वाकवली की मानेच्या तळाशी हाताला लागणारं हाड आणि कमरेची हाडं, यांच्यामधलं अंतर मोजतात. कंबरपट्टा बरोबर कमरेच्या हाडांवर बसला तरच ओझं खांद्यांवरून उतरतं. तेव्हा भेट म्हणून त्यांना दुकानात घेऊन जा, सॅकमध्ये वजन भरायला सांगा, अर्धा तास दुकानातच फिरू द्या, आणि मग पैसे तुम्ही द्या. भरलेली सॅक शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास राहावी. साठ किलोच्या माणसाला सहा किलो, पाण्यासकट.

छोट्या भेटींत मला सगळ्यात आवडते ती लोकरी पायमोज्यांची. मेरिनो लोकरीचे, पातळ, तीन जोड. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि त्यातूनच फोड येतात. सोबत मोठ्या सेफ्टी पिनांचं एक पाकीट द्या. धुतलेले मोजे सॅकला मागून टाचले की चालता चालता वाळतात. डोक्याला बांधायचा दिवा, मोबाइलच्याच केबलने चार्ज होणारा आणि लाल उजेडही असणारा, म्हणजे पहाटे चारला उठून आवरताना बाजूच्या मूर्तींची झोपमोड होत नाही. दहा हजार एमएएचची पॉवरबँक पुरते. तिच्यापेक्षाही उपयोगी म्हणजे तीन केबल लागतील असा एक चार्जर. आश्रमात प्लग एकच असतो आणि मोबाइल पंधरा, अशा वेळी तो चार्जर सगळ्या ओसरीचा होतो. रोजच्या पूजेसाठी मैयाचं, म्हणजे नर्मदेचं, जल ठेवायला घट्ट झाकणाची, न गळणारी छोटी बाटली. मावठ्यासाठी सॅकसकट अंगावरून घेता येईल असा पोंचो.

खाऊ देऊ नका. लाडवांचे डबे, सुकामेवा, लोणचं, हे देताना आईचा जीव किती अडकलेला असतो ते मी पाहिलंय. पण उद्यासाठी साठवायचं नाही ही परिक्रमेची रीत आहे, आणि काठावरची माणसं ती रीत सांभाळता येईल इतकं देतात. कुठे सदाव्रतात, म्हणजे मोफत अन्नदानाच्या ठिकाणी, शिधा मिळतो, कुठे तयार भोजनप्रसादी. शूलपाणीच्या झाडीत भिल्लांच्या घरी मक्याची भाकरी मिळते. तुमचा डबा पहिल्याच मुक्कामी वाटला जाईल.

आता राखून ठेवायच्या भेटीबद्दल. बुटाचा तळ साधारण आठशे किलोमीटरच्या पुढे झिजायला लागतो. मोजे विरतात. म्हणून बुटांचा दुसरा जोड, त्यांच्या पायात मुरवलेला, घरीच ठेवा आणि तिसऱ्या महिन्यात पोचवा. तेव्हा त्यांना नेमकं काय हवंय ते फोनवर स्वतःच सांगतील: गुडघ्याचा पट्टा, पातळ सदरा, चष्म्याची जोडी. त्या वेळी पोचलेल्या वस्तूचा आनंद निघतानाच्या दहा भेटींना नसतो. जमलं तर कुणी स्वतः घेऊन जा.

फक्त काठ तपासा. जबलपूर उत्तर काठावर आहे, नर्मदापुरम म्हणजे जुनं होशंगाबाद दक्षिण काठावर, आणि त्याच्या समोर बुधनी उत्तर काठावर. परिक्रमावासी मैया ओलांडत नाही. पार्सल समोरच्या काठावर पोचलं, तर मधे पूल असला तरी त्याला ते आणायला जाता येत नाही. तुम्ही परिक्रमेत नाही, तुम्हाला पूल ओलांडता येतो. तेव्हा ज्या आश्रमाच्या पत्त्यावर पाठवायचं तिथे आधी फोन करा, काठ विचारा, आणि परिक्रमावासीकडचं नको असलेलं सामान परत आणायला एक रिकामी पिशवी बरोबर न्या.