तेल पुढे, वाळू मागे: लुइझियानाच्या खाजणातला केंद्र-राज्य वाद

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तरंगत्या तेलमंचावर स्फोट झाला, 11 कामगार गेले आणि दोन दिवसांत मंच बुडाला, हे तुम्ही वाचलेलं असेल. समुद्रतळाशी, सुमारे 1500 मीटर खोलीवर, मकोंडो विहीर उघडी पडली. ती 15 जुलैला झाकली गेली. तोवर सरकारी अंदाजाप्रमाणे 49 लाख बॅरल तेल विहिरीतून बाहेर आलं होतं. स्फोट कसा झाला, सिमेंट का फसलं, यात मी आज शिरणार नाही. आजचा विषय आहे किनारा, आणि किनाऱ्यावर कोणाचं चालतं हा प्रश्न.

विहीर लुइझियानाच्या किनाऱ्यापासून सुमारे 66 किलोमीटरवर होती. लुइझियानाची हद्द किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांपर्यंत, त्यापुढचा समुद्र केंद्राचा. म्हणजे गळती केंद्राच्या पाण्यात, परवाना केंद्राचा, आणि तेल येऊन लागणार राज्याच्या खाजणाला. वादाची पहिली गाठ इथेच पडली.

दुसरी गाठ कायद्यात आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. चक्रीवादळ आलं की अमेरिकेत स्टॅफर्ड कायदा लागू होतो. त्यात गव्हर्नर पुढे, केंद्र मागे. राज्य मागणी करतं, केंद्र पैसा आणि माणसं पुरवतं. कत्रिना चक्रीवादळानंतर लुइझियानाच्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या अंगात हीच पद्धत भिनलेली होती. तेलगळतीला मात्र 1990 चा तेल प्रदूषण कायदा लागतो. 'एक्सॉन व्हाल्डीझ' या तेलवाहू जहाजाच्या गळतीनंतर तो आला. त्यात सूत्रं केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे समुद्रावर तटरक्षक दलाकडे. खर्च गळती करणाऱ्या कंपनीचा. कंपनीचा माणूससुद्धा त्याच संयुक्त नियंत्रण कक्षात बसतो. राज्य त्या कक्षात असतं, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो.

आता कल्पना करा. गव्हर्नर बॉबी जिंदल आणि प्लाकमिन्झ पॅरिशचे अध्यक्ष बिली नंगेसर (पॅरिश म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं एकक) नियंत्रण कक्षात जातात, तर समोर ज्यांनी तेल सांडलं तीच बीपी कंपनी खुर्ची टाकून बसलेली. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं, खर्च तिलाच करायचा होता. पण लोकांना ते कसं दिसणार? त्यात भर म्हणजे, गळतीच्या वेळी कोणी काय करायचं याचा विभागीय आराखडा आधीच तयार होता आणि त्यावर राज्याचीही संमती होती. पॅरिशना मात्र त्या तयारीत कोणी धरलंच नव्हतं. ज्यांच्या दारात तेल येणार त्यांनीच तो कागद पाहिला नव्हता. माझ्या मते पुढच्या निम्म्या भांडणाचं मूळ यात आहे.

पहिलं भांडण बूमवरून झालं. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारी अडसराची माळ. वर फुगीर तरंगता भाग, खाली पाण्यात लोंबणारा पडदा, पडद्याच्या तळाशी वजनाला साखळी. प्रत्येक पॅरिशला आपल्याकडे किती फूट बूम आला हे मोजायचं होतं, कारण तो दिसतो आणि टीव्हीवर दाखवता येतो. बूमची मर्यादा मात्र ठरलेली आहे. प्रवाह त्याला काटकोनात भिडत असेल आणि वेग ताशी पाऊण सागरी मैलाच्या आसपास गेला, की तेल पडद्याखालून निसटतं. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला यापेक्षा जास्त वेग सहज असतो. म्हणून बूम आडवा लावत नाहीत. तिरका लावून तेल शांत पाण्याच्या एका कोपऱ्याकडे वळवतात आणि तिथे स्किमरने (पाण्यावरचं तेल काढून घेणारं यंत्र) किंवा व्हॅक्यूमने उचलतात. उचलायची सोय नसेल तर त्या बूमला अर्थ नाही. शिवाय दर भरती-ओहोटीला प्रवाह उलटतो, नांगर सरकतात, माळ सैल पडते. तिला माणूस लागतो, रोज. वादळी वारा आला की हीच माळ गवतावर जाऊन पडते आणि ओढून काढताना मुळांसकट चिखल उपटते. शोषक बूमचं आणखी वेगळं. तो तेलाने भरला की लगेच बदलावा लागतो, नाहीतर तोच तेल झिरपवत बसतो.

जूनच्या मध्यावर आणखी एक ठिणगी पडली. राज्याने तेल शोषून घ्यायला व्हॅक्यूम पंप लावलेले 16 बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) कामाला लावले होते. तटरक्षक दलाने ते थांबवले, कारण त्यांवर अग्निशामक आणि लाइफ जॅकेट आहेत का, हे तपासायचं होतं. दिवसभराहून अधिक काळ बार्ज उभे राहिले. ज्वलनशील वाफा सोडणाऱ्या द्रवावर काम करणाऱ्या बार्जवर अग्निशामक हवाच, हा नियम चुकीचा नाही. पण तपासणी धक्क्यावर, निघण्याआधी करता आली असती. जिंदलांनी हा प्रसंग महिनाभर वापरला आणि तो त्यांना आयता मिळालेला होता.

आता मुख्य प्रकरण, वाळूचे बंधारे. त्यासाठी आधी एक पार्श्वभूमी. अमेरिकेच्या सलग भूभागातल्या किनारी पाणथळींपैकी सुमारे 40 टक्के एकट्या लुइझियानात आहेत, आणि 1932 पासून त्यातली सुमारे 5000 चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली आहे. मिसिसिपीला दोन्ही बाजूंनी बांध घातल्यामुळे तिचा गाळ खाजणावर पसरत नाही. ते बांध केंद्राच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनीयर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचे; पुढे मी त्याला नुसतं कोअर म्हणेन. तेल कंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत घुसतं, ते निराळंच. बाहेरची वाळूची बेटं, उदाहरणार्थ शांडेलिअर, तीही झिजत चाललेली. त्यामुळे 'समुद्रात वाळूची भिंत' ही कल्पना राज्याच्या मनात गळतीच्या आधीपासून होती. गळतीमुळे तिला पैसे देणारा सापडला.

11 मे ला राज्याने कोअरकडे तातडीचा परवाना मागितला. मागणी शंभर मैलांहून अधिक लांबीची. रचना अशी: तळाशी 300 फूट रुंद, माथा सुमारे 20 ते 25 फूट, पाण्यावर 6 फूट उंची. एक साधा हिशोब करू. पाण्याची खोली जेमतेम 3-4 फूट धरली तरी एका मैलाला सव्वादोन लाख घनमीटरच्या आसपास वाळू लागते. ही समुद्रतळातून ड्रेजरने उपसायची, पाइपने आणायची, ओतायची, बुलडोझरने आकार द्यायचा. त्यातली काही वाळू त्याच रात्री लाटा परत नेणार, कारण ना दगडाचं कवच, ना गवताची मुळं.

परवान्याला दोन कायदे लागू: 1972 च्या स्वच्छ जल कायद्याचं कलम 404, आणि 1899 च्या नद्या-बंदरे कायद्याचं कलम 10. कोअरने इतर खात्यांची मतं मागवली. आक्षेप आले ते असे: बंधारा पुरा व्हायला महिनोन् महिने लागतील, तेल तर आजच येतं आहे. बेटांमधली पाण्याची तोंडं बुजवली तर उरलेल्या तोंडांतून पाण्याचा वेग वाढेल आणि तेच तेल अधिक जोराने आत ओढलं जाईल. वाळू बेटाजवळून काढली तर खड्डा भरायला बेटच घसरेल. शिवाय कासवं, पक्ष्यांची घरटी. 27 मे ला कोअरने सहा तुकड्यांना, मिळून 40 मैलांच्या आसपास लांबीला मंजुरी दिली. अर्ज ते मंजुरी 16 दिवस. एरवी अशा कामाला वर्षं जातात. राज्याला तरीही ते उशिराचंच वाटलं.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. परवाना मिळणं एक आणि पैसे मिळणं दुसरं. कोअरने 'बांधा' म्हटलं म्हणून बीपी बिल भरायला बांधील होत नाही. तटरक्षक दलाचा अधिकारी 'हे गळती-निवारणाचं काम आहे' असं म्हणतो तेव्हाच ते कंपनीच्या खात्यावर जातं. गळती-निवारणाचे केंद्राचे प्रमुख ॲडमिरल थॅड ॲलन यांनी सुरुवातीला एकाच तुकडीला, नमुना म्हणून, तसं म्हटलं. 28 मे ला राष्ट्राध्यक्ष ओबामा लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या ग्रँड आइलला आले, दबाव वाढला, आणि 2 जूनला उरलेल्या पाचही तुकड्यांचा खर्च बीपीने द्यावा असं ठरलं. कंपनीने 360 दशलक्ष डॉलर कबूल केले. तांत्रिक मत बदललं नव्हतं, राजकीय हवा बदलली होती.

मग काम सुरू झालं आणि जूनच्या उत्तरार्धात अडलं. शांडेलिअरजवळ ड्रेजर ठरल्यापेक्षा जवळून वाळू काढत होता, कारण दूरच्या जागेहून आणायची पाइपलाइन तयार नव्हती. जवळून काढण्याची सवलत तात्पुरती होती. केंद्राच्या वन्यजीव खात्याने ड्रेजिंग थांबवलं. राज्याचं म्हणणं, दोन-चार दिवस द्या, पाइप जोडतो. केंद्राचं म्हणणं, तेवढ्या दिवसांत खड्डा होईल आणि बेट जाईल. बेटापाशी खोल खड्डा पडला की लाट आधी फुटत नाही, सरळ किनाऱ्यावर येऊन आदळते. त्यामुळे मला इथे केंद्राची बाजू पटते, जरी टीव्हीवर ती वाईट दिसली.

निकाल काय? विहीर झाकली गेली तेव्हा मंजूर लांबीचा लहानसा भागच झाला होता. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने नंतर तपासलं तेव्हा सुमारे 220 दशलक्ष डॉलर खर्च झाले होते, आणि बंधाऱ्यांनी अडवलेलं तेल हजार बॅरलच्या आसपास. भागाकार केला तर एका बॅरलला 2 लाख 20 हजार डॉलर. नोव्हेंबरमध्ये राज्याने उरलेली रक्कम बेटं उभारण्याकडे वळवली. म्हणजे जे मुळात हवं होतं, तेच.

बाराटारिया उपसागराच्या तोंडांत दगड टाकायचा स्थानिकांचा प्रस्ताव मात्र कोअरने 3 जुलैला फेटाळला. दगड बार्जवर भरून तयार होता. कारण पुन्हा तेच: तोंड अरुंद, पाणी वेगवान, तळ खरवडला जाणार. वाळू चुकली तर लाट पुसून टाकते. दगड काढायला पुन्हा वर्षं.

एक निर्णय राज्याने स्वतःच्या अधिकारात घेतला, त्याची चर्चा फारशी होत नाही. केर्नार्व्हन आणि डेव्हिस पाँड या दोन ठिकाणी मिसिसिपीचं गोडं पाणी खाजणात सोडायची दारं आहेत. राज्याने ती मोठ्या प्रमाणावर उघडली, जेणेकरून गोड्या पाण्याच्या रेट्याने तेल बाहेर राहील. त्याचा भुर्दंड कालवांना, म्हणजे ऑयस्टर शिंपल्यांना, बसला. उन्हाळ्याच्या गरम पाण्यात खारटपणा बराच काळ खाली राहिला की कालवं तग धरत नाहीत. बाराटारिया आणि ब्रेटन साउंडमधली कालवं मोठ्या प्रमाणावर मेली, मुख्यतः तेलाने नव्हे, या पाण्याने. नुकसानभरपाईच्या हिशोबात हे शेवटी 'निवारणामुळे झालेली हानी' म्हणून धरलं गेलं.

आता जिथे तेल पोचलंच तिथे काय? बाराटारियात बे जिमीच्या कडेला तेलाचे जाड थर बसले. आखाताच्या या भागात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर, त्यामुळे तेल खाजणाच्या कडेच्या काही मीटरच्या पट्ट्यात साचलं. ते फेसाळलेलं, निम्म्याहून अधिक पाणी मिसळलेलं, चॉकलेटी रंगाचं. पहिला मोह होतो माणसं उतरवून घमेल्यांनी उचलायचा. तेच सगळ्यात घातक. एक पाऊल टाकलं की तेल चिखलात हातभर खाली दाबलं जातं, तिथे हवा नाही, म्हणून ते कुजत नाही, वर्षानुवर्षं राहतं. त्यामुळे फळ्या टाकून चालायचं, होडीतून कमी दाबाचं पाणी सोडून तेल उघड्या पाण्याकडे ढकलायचं आणि तिथे उचलायचं. थर फारच जाड असेल तरच गवत कापायचं, त्यावर बसलेली तेलाची चटई खरवडायची. मुळं जिवंत असतील तर स्पार्टिना, म्हणजे खाजणातलं गवत, पुन्हा फुटते. मुळं मेली की चिखल धरून ठेवणारं काही उरत नाही आणि कडा सुटून पडते.

साफसफाई 'पुरी झाली' हे ठरवायलाही केंद्र, राज्य आणि कंपनी अशी संयुक्त पाहणी पथकं होती. त्यावरही वाजलं. एप्रिल 2014 मध्ये तटरक्षक दलाने लुइझियानातली सक्रिय सफाई संपल्याचं जाहीर केलं, तेव्हा राज्याने उघड विरोध केला.

जाता जाता मुंबईकडे बघू, कारण वर्ष तेच आहे. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे 800 टन तेल सांडल्याचा अंदाज होता, आणि ते घारापुरी, उरण, अलिबागच्या बाजूच्या कांदळवनात शिरलं. आपल्याकडच्या राष्ट्रीय आराखड्यात समुद्रावरचं तेल तटरक्षक दलाचं, बंदराच्या हद्दीतलं बंदराचं, आणि किनाऱ्याला लागलं की राज्याचं. तेलाला या रेषा कळत नाहीत. तिवरांच्या श्वासमुळांवर बसलेलं तेल पुसायला कोणत्या खात्याचा माणूस ओहोटीच्या चार तासांत पोचणार, हे आधी ठरलेलं असेल तर ठीक, नाहीतर पुढची भरती ते आणखी आत नेते.

शेवटी पैशाबद्दल. एप्रिल 2016 मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बियर यांनी 20.8 अब्ज डॉलरची तडजोड मंजूर केली. त्यात नैसर्गिक हानीसाठी 8.8 अब्जांपर्यंत, आणि त्याचा सगळ्यात मोठा वाटा लुइझियानाला. त्या पैशातून सर्वात मोठं काम ठरलं ते मध्य-बाराटारिया गाळ-वळण: मिसिसिपीचा बांध फोडून गाळाचं पाणी खाजणात सोडायचं, खर्च सुमारे 3 अब्ज. कालवं आणि कोळंबीवाले विरोधात होते, कारण पुन्हा गोडं पाणी. ऑगस्ट 2023 मध्ये काम सुरू झालं. एप्रिल 2025 मध्ये कोअरने परवाना स्थगित केला आणि जुलैमध्ये राज्यानेच प्रकल्प रद्द केला, तोवर 50 कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला होता. नैसर्गिक हानीपोटी बीपीचे हप्ते 2031 पर्यंत चालू राहतील, आणि त्यातून जे काही बांधायचं त्याला हा पैसा कुठे वापरायचा हे ठरवणाऱ्या केंद्र-राज्य विश्वस्तांची मान्यता लागेल, आणि पाण्यात भराव असेल तर कोअरचा तोच 404 चा परवाना.