न्याय ठेवणारं क्रियापद

(दृश्य: आइसलँड, थिंगवेट्लिर. लाव्हाच्या काळ्या कड्याखाली गवताळ मैदान.)

इ.स. ९३० च्या सुमारास इथे आइसलँडची सभा भरू लागली. कायदा लिहिलेला नव्हता; तो पाठ असलेला एक माणूस दरवर्षी त्याचा तिसरा हिस्सा सगळ्यांना म्हणून दाखवायचा. या मैदानावर निवाड्याला म्हणत 'दोमर', आणि निवाडा करण्याला 'द्योमा'.

'दोमर'मधला ओ 'द्योमा'त बदलला कसा? मूळ क्रियापदात ओनंतर 'य' होता. त्यानं ओला जिभेच्या टोकाकडे ओढलं आणि स्वतः गळून गेला. उरलेला स्वर आजही तसाच आहे: ओठ ओ म्हणायला गोल करा, आणि त्याच ओठांनी ए म्हणा. डॅनिश आणि नॉर्वेजियन माणूस 'द्योमे' म्हणतो, स्वीडिश 'द्योमा'. आइसलँडमध्ये मात्र उच्चार पार 'दायमा' झाला. भूतकाळात स्वीडिश 'द्योमदे', तर डॅनिश 'द्योमते'. इंग्रजीतला 'डूम' याच कुळातला, फक्त त्याच्या वाट्याला सर्वनाश आला.

आणखी मागे गेलो की आपलं घर लागतं. या शब्दांचा मूळ धातू म्हणजे ठेवणं, मांडणं. संस्कृतात तोच 'धा'. विधी, विधान, संधी त्यातलेच. ऋग्वेदात वरुणाच्या नियमांना 'धाम' म्हटलंय, चारधाम यात्रेच्या कितीतरी आधी. म्हणजे निवाडा हा आधी चारचौघांत मांडून ठेवलेला शब्द. म्हणूनच की काय, 'व्ह्योलुस्पा' या जुन्या काव्यात जगबुडीनंतर वाचलेले देव एकत्र बसून महासर्पाच्या गोष्टी करतात, त्या बोलण्यालाही 'द्योमा'च म्हटलंय.

(दृश्य: स्टॉकहोम, फुटबॉलचा सामना.)

स्वीडनमध्ये न्यायाधीशही 'दूमारे' आणि शिट्टी वाजवणारा पंचही 'दूमारे'. शिव्या कोणाला जास्त, ते सांगायला नको.

(दृश्य: स्वीडिश कायद्याचा जाडजूड ग्रंथ, पहिली पानं.)

या ग्रंथाच्या सुरुवातीला न्यायाधीशांसाठी नियम छापतात. जे न्याय्य आणि वाजवी नाही, तो कायदाही असू शकत नाही, हा त्यातलाच एक. ते लिहिले धर्मसुधारक ओलाउस पेत्री यानं, असं मानतात. राजाविरुद्धचा कट ठाऊक असून सांगितला नाही, म्हणून १५४० मध्ये त्यालाच मृत्युदंड सुनावला गेला. निवाडा करणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊ, उप्सालाचा आर्चबिशप, बसला होता. पुढे जबर दंड भरून ओलाउस सुटला. नियम मात्र अजून छापले जातात.