मस्टरवर न दिसणारा खाडा

सकाळचे पावणेसात वाजले आहेत. पुणे–बेंगळुरू महामार्गालगतच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी सुटण्याच्या बेतात आहे आणि पहिल्या पाळीचे कामगार फाटकाशी जमू लागले आहेत. पडद्यावर दिसत आहे ते हजेरीपुस्तक, म्हणजेच इथल्या बोलीतले मस्टर. जो आला नाही त्याच्या नावापुढे खाडा पडतो, महिनाअखेरीस तो पगारातून वजा होतो, आणि कामगाराच्या आजारपणाचा कारखान्याच्या लेखी असलेला हिशेब बहुधा तेवढ्यावरच मिटतो. अंगात ताप असूनही जो हजर झाला, त्याच्या नावापुढे इतरांसारखीच हजेरी लागते. हा माहितीपट त्या हजेरीविषयी आहे.

उसाच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती आणि पुढे निर्मिती करता करता कोल्हापूरचा फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा, व्यवसाय वाढला. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या शेडांपासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल–हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीपर्यंत तो पसरला असून ट्रॅक्टर, मोटारी, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग आज इथे ओतले जातात. सुमारे 1,400 अंश सेल्सिअस तापमानाचा वितळलेल्या लोखंडाचा रस लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेऊन तो थंड होण्याआधी एका धारेत साच्यात सोडावा लागतो. धार मध्येच तुटली, तर साच्यातले दोन प्रवाह नीट एकजीव होत नाहीत आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, कोल्ड शट नावाचा दोष राहतो. आतली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर साच्यात बसवताना हात किंचित हलला, तर एका बाजूची भिंत पातळ होते. कणकण असलेल्या किंवा रात्रभर न झोपलेल्या माणसाकडून या चुका अधिक होतात, हे पाळीवरच्या कोणत्याही सुपरवायझरला सांगावे लागत नाही.

समजा, अशा एका पाळीत 40 किलोची 10 कास्टिंग रिजेक्ट झाली. एक टन लोखंड वितळवण्यासाठी सुमारे 600 युनिट वीज धरली, तर या 400 किलोंची 240 युनिटे झाली. युनिटला 8 रुपये दर मानल्यास 1,920 रुपये केवळ विजेचे गेले. महिना 21,000 रुपये पगार असलेल्या कामगाराचा 26 दिवसांच्या हिशेबाने एक दिवसाचा रोज मात्र सुमारे 808 रुपये पडतो. लोखंड पुन्हा भट्टीत जाते, म्हणून माल वाया गेला नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण कोअर, वाळू बांधून ठेवणारा बाइंडर, घासाईचे श्रम आणि यंत्राचा वेळ भट्टीत परत जात नाहीत. दोष ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये उघडकीला आला, तर वाहतूक आणि ग्राहकाने रक्कम वजा केल्याची डेबिट नोट यांची भर पडते.

मग असा कामगार घरी का थांबत नाही? कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाच्या रजेवर वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षातून 91 दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी 2019 पासून मालक वेतनाच्या 3.25 टक्के, तर कामगार 0.75 टक्के वर्गणी भरतो. तथापि, आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सामान्यतः मिळत नाही, आणि साधा ताप उतरायला तेवढेच दिवस लागतात. योजनेची वेतनमर्यादा 2017 पासून 21,000 रुपये आहे. पगारवाढ होत होत ती ओलांडणारा कामगार अर्थातच जुना आणि अनुभवी असतो. शरीराची झीज जाणवू लागण्याच्या वयातच तो या छत्राबाहेर जातो, आणि पुढे गटविमा उतरवायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर राहते.

थकव्याचे आणखी एक कारण कारखान्याच्या भिंतीबाहेर आहे. करवीर, कागल, हातकणंगले या तालुक्यांतून येणाऱ्या अनेकांचा थोडाफार ऊस असतो, आणि कृषिपंपांची वीज रात्रीच्या वेळापत्रकात आली की उसाला पाणी पाजायला रात्रीच जावे लागते. पहाटे मोटार बंद करून सकाळी सातला मोल्डिंगवर, म्हणजे साचे बनवायला, उभा राहणारा माणूस आजारी नसतो. त्याची झोप झालेली नसते. पाळ्या लावताना गावातल्या विजेचे वेळापत्रक पाहणे बिनखर्चाचे आहे.

फेटलिंग, म्हणजे कास्टिंग साफ करण्याच्या, विभागातली परिस्थिती याहून गंभीर आहे. कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरने काढताना सिलिकाची जी धूळ उडते, तिच्यातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, तर हे कण 10 मायक्रॉनहूनही बारीक असतात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवू शकत नाही. ते फुप्फुसात खोल रुततात, तिथे व्रण धरतात आणि बहुधा दहा-वीस वर्षांनी दम लागू लागतो. या सिलिकोसिसवर बरा करणारा उपचार नाही. क्षयरोगाचा धोका त्यामुळे वाढतो, शिवाय एक्स-रेमध्ये दोन्हींची गल्लत होत असल्याने कामगार वर्षानुवर्षे केवळ क्षयाची औषधे घेत राहू शकतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातले. ग्राइंडरपाशीच धूळ खेचून घेणारी यंत्रणा, पाणी मारून काम करणे आणि वाळूऐवजी पोलादी गोळ्यांचे शॉट ब्लास्टिंग हे उपाय जुने व सिद्ध आहेत. त्यांचा खर्च कोटेशनमध्ये लगेच दिसतो. उलट कास्टिंगवर नुसता हात फिरवून दोष ओळखणारा कारागीर पंचेचाळिशीत काम सोडतो, तेव्हा त्याच्या जाण्याचे बिल कोणी पाठवत नाही.

पडद्यावर आता दुसरी वही आहे, रिजेक्शनची. तारीख, पाळी, पॅटर्न क्रमांक, दोषाचा प्रकार आणि वजन असे तिचे रकाने आहेत. त्या दिवशी लॅडल धरणारा सलग दुसऱ्या पाळीत होता का, हे लिहिण्यासाठी तिच्यात जागा नाही.