शेगडी कोणती आवडेल, हे विचारायचं कुणाला?

माइक चालू आहे ना? हां. तर विषय चांगलाच लांबलचक छापलाय, विकसनशील देशांत लोकांना विजेवरची स्वयंपाकाची कोणती साधनं हवीत याचं संशोधन कसं करावं. अर्ध्या तासात आटपतो असं मी आयोजकांना सांगितलंय, ते मला ओळखत नाहीत म्हणून त्यांचा विश्वास बसला.

धूर, फुप्फुसं हे सगळं तुम्हाला माहितीये, जगात २०० कोटींच्या आसपास लोक अजून लाकूड, कोळसा, रॉकेलवर शिजवतात, ते परत उगाळत नाही. माझं तुणतुणं एकच, आपण चुकीच्या माणसाला चुकीच्या खोलीत विचारतो.

माझा पहिलाच सर्व्हे होता. फॉर्मवर लिहिलेलं, 'कुटुंबप्रमुखाची मुलाखत घ्यावी'. कुटुंबप्रमुख बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसलेले. इंडक्शन आवडेल का? हो. वापराल का? रोज! मी आपला टिक करत सुटलोय, तर आतून आवाज आला, "अहो साहेब, यांना काय विचारताय, यांनी पाणी तरी उकळलंय का कधी?" (हात वर करा बघू, किती पुरुषांनी काल रात्री शिजवलं? तीन. त्यातल्या एकाने बायकोकडे बघून हात खाली घेतला, म्हणजे दोन.)

मी फॉर्म घेऊन आत गेलो. बाई काही बोलल्याच नाहीत. मी नेलेली इंडक्शन ठेवली, त्यावर आपलं रोजचं भांडं ठेवलं, गोल बुडाचं, काळं पडलेलं ॲल्युमिनियमचं, आणि काठाला टिचकी मारली. डुलायला लागलं. "ढवळू कशी मी यात?" आणि साधं ॲल्युमिनियम तर इंडक्शनवर तापतही नाही, बुडाला चुंबक चिकटावा लागतो! आमच्या फॉर्ममध्ये घराच्या छपराचा प्रश्न होता, जनावरांचा होता, भांड्यांचा एकही नव्हता. ऑफिसात सांगितलं तर म्हणे फॉर्म छापून झालेत. अजून राग येतो मला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. अरे देवा, विषय तर आता सुरू होतोय.

भराभर सांगतो. एक पद्धत कार्डांची, दोन साधनांची चित्रं समोर ठेवायची, किंमत, बॅटरी, किती भांडी एकदम चढतात हे बदलत न्यायचं, कुठलं घ्याल विचारायचं, अशा बऱ्याच निवडींवरून लोक कशासाठी किती जास्त मोजतील ते काढता येतं. पण कार्डावर पैसे द्यायला कुणाचं काय जातंय? म्हणून दुसरी पद्धत, खरी विक्री. नैरोबीत कमी कोळसा खाणाऱ्या शेगडीवर असा प्रयोग झाला, कर्जाने घ्यायची सोय केली तर लोक जवळपास दुप्पट पैसे द्यायला तयार झाले, म्हणजे आवड तीच, अडलेलं फक्त रोख पैशावर. तिसरी माझी लाडकी, स्वयंपाकाची डायरी. केनिया, टांझानिया, झांबियात केलीये, आधी काही दिवस नेहमीच्या चुलीवर काय, कधी, किती वेळ शिजवलं ते लिहायचं, मग विजेवर. यातून दिसतं की कडधान्यासारखं रटरटत ठेवायचं ते इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये जातं, एक युनिटही लागत नाही, पण जुनी शेगडी कोपऱ्यातून हलत नाही, दोन्ही चालतात. फॉर्म म्हणतो वीज की कोळसा. घर म्हणतं दोन्ही.

इक्वाडोरमध्ये सरकारने ३० लाख घरांत इंडक्शन न्यायचं ठरवलं, सवलतीची वीजही दिली, पण अनुदानाचा गॅस स्वस्तच राहिला, मग कोण बदलतंय, उद्दिष्ट गाठलंच नाही.

आणि झांबिया. तिथे शहरात वीज असलेली कितीतरी घरं आधीच विजेवर शिजवायची. दुष्काळात करिबा धरणाचं पाणी आटलं, तिथली बरीच वीज त्याच पाण्यावर बनते, म्हणून लोडशेडिंग आलं, लोक कोळशाकडे वळले. आता त्यांना काय आवडतं म्हणून फॉर्म भरायचा? तर आधी विचारा, वीज किती वाजता जाते. हो हो, उठतोच.