कालव्याचा ड्यूक

अकरा वर्षांचा पोरगा आणि इंग्लंडमधला राजघराण्याखालचा सगळ्यात मोठा किताब त्याच्या नावावर. साल 1748. फ्रान्सिस इगर्टन, ब्रिजवॉटरचा तिसरा ड्यूक. खरं तर हा किताब त्याच्याकडे यायचाच नव्हता, वडील 1745 मध्ये गेले, मग थोरला भाऊ ड्यूक झाला तर तो देवी येऊन गेला, आणि मागे उरला हा, सतत आजारी, अंगाने किडकिडीत. आईने दुसरं लग्न केलेलं, पोराकडे तिचं काही लक्ष नाही, आणि घरात चर्चा काय तर ह्याला बुद्धी कमी आहे, वारसा ह्याच्याकडे न जाता दुसऱ्या कोणाकडे वळवता येईल का! सख्खी माणसं बरं का ही.

वळवला नाही. मग ईटनची शाळा झाली आणि सतरा वर्षांचा झाल्यावर ग्रँड टूर. बड्या घरच्या पोरांना तेव्हा फ्रान्स-इटली फिरवून आणायची पद्धतच होती, सोबत एखादा विद्वान द्यायचा, त्याने कला पण दाखवायची आणि पोरगा हाताबाहेर जात नाही ना ते पण बघायचं. ह्याच्यासोबत होता रॉबर्ट वुड, सीरियातल्या पाल्मिरा ह्या प्राचीन शहराचे अवशेष बघून आलेला माणूस. रोममध्ये ड्यूकसाहेबांनी संगमरवरी मूर्ती घेतल्या, पेटाऱ्यात भरून घरी पाठवल्या, आणि ते पेटारे म्हणे ते मरेपर्यंत उघडलेच नाहीत. त्याला आवडलं काय, तर दक्षिण फ्रान्समधला 240 किलोमीटरचा कालवा.

लंडनला परत आल्यावर मात्र चारचौघा उमरावांसारखंच सुरू झालं, रेसचे घोडे, पैजा, कधीकधी स्वतःच जॉकी होऊन घोडा पळवायचा. आणि मग एलिझाबेथ गनिंग. आयर्लंडहून आलेल्या दोन गरीब बहिणी, दिसायला अशा की लंडनमध्ये त्यांना बघायला गर्दी व्हायची. एलिझाबेथचं पहिलं लग्न हॅमिल्टनच्या ड्यूकशी, मध्यरात्रीनंतर, घाईत, अंगठी नव्हती म्हणून पडद्याची कडी बोटात घालून. 1758 मध्ये ती विधवा झाली आणि आपल्या ड्यूकशी तिचं ठरलं. पण तिची बहीण मारिया, तिच्याबद्दल गावभर कुजबुज, तर हा म्हणाला बहिणीशी संबंध तोड. ती म्हणाली नाही तोडत. लग्न मोडलं.

इथून पुढे जी स्टोरी सांगतात ती तुम्ही ऐकली असेल, प्रेमभंग झाला, बायकांचं नाव टाकलं आणि दुःखात कालवा खणला. ऐकायला मस्त आहे पण मला पटत नाही. मँचेस्टरजवळ वर्स्लीला त्याची जहागीर, तिथल्या खाणीत दगडी कोळसा होता, पाणी साचून काम अडत होतं, मँचेस्टर दहाएक किलोमीटरवर आणि माल जायचा घोड्यांच्या पाठीवर. वडिलांनी 1737 मध्येच तिथला ओढा बोटी चालतील असा करायची परवानगी काढून ठेवलेली, म्हणजे हा विषय घरात ह्याच्या जन्मापासूनचा. प्रेमभंगाने फार तर लंडन सुटलं असेल.

मार्च 1759 मध्ये पार्लमेंटने त्याला कालवा खणायची परवानगी देणारा कायदा पास केला, ड्यूकचं वय बावीस. त्याच महिन्यात एलिझाबेथने दुसरीकडे लग्न केलं.

कामाला दोन माणसं, कारभारी जॉन गिल्बर्ट आणि जेम्स ब्रिंडली, मूळचा गिरण्या दुरुस्त करणारा, लिहिता-वाचता जेमतेम. खाणीतलं पाणीच कालव्यात सोडायचं आणि बोटी थेट डोंगराच्या पोटात न्यायच्या, म्हणजे एका दगडात दोन्ही कामं. पुढे बार्टनला इर्वेल नदी आडवी आली तर नदीवरून दगडी कमानींचा पूल आणि पुलावर कालवा! पाणी गळू नये म्हणून चिकणमाती कणकेसारखी पाण्यात मळून थरावर थर दाबली. 17 जुलै 1761 ला पहिल्यांदा पाणी सोडलं, आणि लोकांनी बघितलं की खाली नदीत बोट आणि तिच्या डोक्यावरून दुसरी बोट चाललीय.

घोड्याच्या पाठीवर दीडेकशे किलो माल जातो, तोच घोडा काठावरून बोट ओढायला लावला की तीस टन. मँचेस्टरमध्ये कोळसा जवळपास अर्ध्या किमतीला आला.

पण ड्यूक कफल्लक. 1765 मध्ये लंडनच्या चाइल्ड्स बँकेकडून 25,000 पाउंड कर्ज घेतलं, स्वतःचा खर्च वर्षाला 400 पाउंडांवर आणला, कारण आता कालवा मर्सी नदीवरच्या रनकॉर्नपर्यंत न्यायचा होता आणि तो पुरा व्हायला 1776 उजाडलं. कर्ज फिटलं, नंतर तर तो इंग्लंडमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांत गेला. लग्न केलं नाहीच. 1803 मध्ये तो गेला आणि ड्यूकचा किताबही तिथेच संपला.

वर्स्लीत त्याची एक गोष्ट अजून सांगतात. जेवायला गेलेले कामगार उशिरा यायचे आणि म्हणायचे, साहेब, एकचा एकच टोला पडतो, ऐकूच येत नाही. ड्यूकने घड्याळात बदल करून घेतला. ते घड्याळ आता तिथल्या सेंट मार्क्स चर्चमध्ये आहे आणि दुपारी एक वाजता तेरा टोले देतं.