चेनला कुठलं तेल? आधी माती सांगा

हे चेनचे दोन तुकडे पुढून मागे फिरू द्या. हात काळे होतील, म्हणून फडकंही सोबत सोडतोय. एक तुकडा नवा आहे, दुसरा माझ्या सायकलवरून गेल्या महिन्यात उतरवलेला. दोन्ही आडवे धरा आणि बाजूला वाकवून बघा. नवा जेमतेम वाकतो, जुना सापासारखा वळतो.

आपण म्हणतो, चेन ताणली. पोलाद काही ताणलं गेलेलं नसतं. सायकलच्या चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसायला हव्यात. जुन्या तुकड्याला फूटपट्टी लावली तर दीड मिलिमीटर जास्त भरतं. ते दीड मिलिमीटर २४ सांध्यांत वाटून टाका. प्रत्येक सांध्याच्या वाट्याला साधारण केसाच्या जाडीएवढी झीज येते. बस, तेवढीच! पण मागच्या चाकावरची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा गठ्ठा, ११ किंवा १२ गिअरची असेल तर एवढ्या झिजेला चेन बदलावी लागते. नाहीतर लांबलेली चेन कॅसेटचे दात खात सुटते, आणि कॅसेटचं बिल चेनच्या कितीतरी पट येतं.

तर ही झीज होते कुठे? पिनेवर. पिन आणि आतल्या पट्टीची कड एकमेकांवर घासतात तिथे, आणि रोलरच्या, म्हणजे पिनेभोवती फिरणाऱ्या नळीच्या, पोटात. बाहेरून जे चकचकीत दिसतं तिथे तेलाचं काही काम नसतं. बाहेर तेलाचा फक्त गंज न येण्याइतका पापुद्रा हवा. बाकी जे बाहेर राहतं ते धूळ गोळा करतं आणि ती धूळ आत नेऊन सोडतं.

थोडं विषयांतर. डोंगरी सायकलच्या सुरुवातीच्या दिवसांतच वंगणाची एक मजेदार भानगड आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका कच्च्या उतारावर शर्यती लावायला लागली. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही पुढे गाजलेली नावं तिथलीच. ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचलं की हब उघडा आणि नवं ग्रीस भरा. त्यावरून त्या रस्त्याचं नावच पडलं ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’. त्यांचं वंगण उष्णतेनं जायचं, आपलं जातं धुळीनं आणि पाण्यानं.

आता माझा मूर्खपणा सांगतो. पहिली एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, घेतली तेव्हा घरात मोटरसायकलच्या चेनसाठी आणलेलं गिअर ऑइल होतं. जाड, चिकट, मधासारखं. मी म्हटलं, एवढी मोठी मोटरसायकल यावर चालते तर सायकल का नाही चालणार? आणि भरपूर घातलं. एप्रिल महिना, पुण्याच्या वेताळ टेकडीवर मुरूम नुसता भुरभुरत होता. दोन रविवारांत चेनवर काळा हलवा तयार झाला. पावसाळ्याच्या तोंडावर गिअर उड्या मारायला लागला. मेकॅनिकनं कॅसेटवर बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. न बोलणं जास्त लागलं.

चूक कुठे झाली ते मला नंतर कळलं. मोटरसायकलच्या बऱ्याच चेनमध्ये सांध्याला रबराच्या बारीक ओ-रिंगा असतात. पिनेचं ग्रीस कारखान्यातच भरून आत कोंडलेलं असतं. आपण वरून जे घालतो ते रोलरसाठी, गंजासाठी आणि रबर कोरडं पडू नये म्हणून. सायकलच्या चेनला असं कुठलंही झाकण नाही. सांधा चारी बाजूंनी उघडा. तेल आत जातं त्याच वाटेनं माती आत जाते. तेव्हा तेल निवडताना पहिला प्रश्न हा, की माझ्या वाटेवर कसली माती आहे आणि ती या तेलाला कितपत चिकटेल?

आपल्याकडे या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं येतात. पाचगणीचं टेबल लँड, कासचं पठार, खाली कोकण आणि गोवा, हा सगळा जांभ्याचा मुलूख. जांभ्याच्या लाल रंगात लोहाचे ऑक्साइड असतात. सोनाराकडे दागिन्याला शेवटची झिलई द्यायची लाल पूड पाहिली असेल, तीही लोहाचा ऑक्साइडच. आता ही लाल धूळ जाड तेलात मिसळा. आपणच आपल्या चेनला पॉलिश पेस्ट लावून बसतो, आणि जांभ्याच्या धुळीत तर सोनाराच्या पुडीपेक्षा जाड कणही असतात. पुण्याच्या टेकड्यांवर मुरूम, म्हणजे कुजलेला काळा पाषाण, त्याची कणी अजून खरबरीत. आणि जूनमध्ये पाऊस पडला की हीच धूळ चिखल होते, तेल धुऊन काढते. त्यातही फरक आहे. पुण्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. एकाच रविवारी दोन्हीकडे निघालेल्या दोन सायकलींना एकच बाटली कशी पुरेल?

दुकानात तीन जाती मिळतात. ‘वेट’ म्हणजे जाडसर तेल, पाण्यानं सहजी धुतलं जात नाही, पण धूळ ओढतं. ‘ड्राय’ पातळ असतं. त्यातला द्रव उडून जातो आणि मागे हलका थर उरतो. धूळ कमी धरतं, पण एका ओढ्यातून सायकल गेली की संपलं. तिसरी जात मेणाची.

मेणाबद्दल जरा बोलतो, कारण त्याच्या मी प्रेमात आहे. पॅराफिन मेण साधारण ५० ते ६५ अंशांत वितळतं. नवी चेन आधी टर्पेंटाइनमध्ये दोन-तीनदा खळखळून धुवायची, कारखान्याचं ग्रीस पूर्ण निघेपर्यंत. ग्रीसचा अंश राहिला तर मेण धरत नाही, आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. मग स्पिरिटनं धुऊन वाळवायची. हे सगळं गच्चीत, शेगडीपासून लांब. त्यानंतर एका जुन्या डब्यात मेण घ्यायचं आणि तो डबा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. थेट गॅसवर कधीही नको, मेण पेट घेतं. चेन तारेला अडकवून त्यात सोडायची. बुडबुडे यायला लागतात. सांध्यातली हवा बाहेर पडतेय, मेण आत जातंय. बुडबुडे थांबले की आणखी थोडा वेळ ठेवून बाहेर काढून टांगायची. थंड झाल्यावर चेन काठीसारखी ताठ होते. एकेक कडी मोडत मोकळी करावी लागते, कट्-कट् आवाज येतो. आमच्याकडे हे काम माझी धाकटी मुलगी हक्कानं करते. चेन सायकलवर चढवली की हात स्वच्छ, पँटचा पाय स्वच्छ. कोरड्या दिवसांत दोन-तीनशे किलोमीटर बघावं लागत नाही. पण पावसात एकदा भिजली की दुसऱ्या दिवशी सकाळी तांबूस दिसते. म्हणून जून ते सप्टेंबर माझा मेणाचा डबा माळ्यावर.

एवढा उद्योग नको असेल तर बाटलीतलं पाणी मिसळलेलं पातळ मेण मिळतं. ते आदल्या रात्रीच घालायचं. सकाळी निघताना घातलं तर पाणी वाळतच नाही, आणि मग लोक म्हणतात की मेण भिकार आहे.

निळा-पिवळा फवाऱ्याचा डबा? डब्ल्यूडी-४० बद्दल दर वेळी कुणीतरी विचारतंच. नावातच अर्थ आहे, ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, म्हणजे पाणी हटवणं, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३ सालचं आहे. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला, गंज सोडवायला छान. वंगण म्हणून फार टिकत नाही. शिवाय फवारा मागच्या ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेक पॅड गेलेच म्हणून समजा. फवाऱ्याचं काहीच मी सायकलजवळ मारत नाही.

घरच्या तेलांपैकी शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला ठीक, एका दिवसापुरतं. खोबरेल नको, थंडीत पहाटे न्हाणीघरात बाटलीचं काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. एरंडेल तर चिकटपणाचा बादशहा.

घालायची रीत बाटलीइतकीच महत्त्वाची. आधी फडक्यात चेन धरून पॅडल उलटं फिरवायचं, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगानं, प्रत्येक रोलरवर एक थेंब. मास्टर लिंकपासून, म्हणजे चेन सोडवायची जी कडी असते तिथून, सुरू केलं की फेरी कुठे संपली ते कळतं. पाच मिनिटं पॅडल फिरवा, चहा घ्या, परत या आणि बाहेरचं तेल पुसून काढा. सगळं पुसा. जीव होत नाही, माहीत आहे, पैसे देऊन आणलेलं असतं. तरी पुसा. ज्याला पुसायचा कंटाळा आहे त्यानं उन्हाळ्यात वेट तेलाच्या वाटेला जाऊ नये, मग ते कितीही महागाचं असो. चेन चिमणीसारखी चिवचिवायला लागली तर समजा उशीर झालाय.

मागून प्रश्न आलाय, १२० मिलिलिटरची बाटली किती दिवस पुरावी? हिशोब करू. तुमच्या चेनला ११६च्या आसपास कड्या, कडीला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर. एका वेळेला सहा मिलिलिटरही लागत नाहीत. म्हणजे वीस वेळा. दर पंधरवड्याला घातलंत तरी नऊ-दहा महिने. तुमची किती दिवसांत संपते म्हणालात? पाच आठवडे? मग चला, तुमचीच सायकल आधी स्टँडवर चढवू. फडकी तिकडे बादलीत आहेत.